मेडिव्हल टू टोटल वॉर (मध्ययुगातल्या लढायांचा कॉम्प्युटर गेम): बचाव करत खेळायचं असेल तर कुठलं फॅक्शन (राज्य) घ्यायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बचावात्मक खेळ म्हणजे नक्की काय? नुसतं तटाच्या आत बसून राहायचं का?

नाही हो. तसं बसलात तर चाळीसेक टर्नमध्ये (टर्न म्हणजे खेळातली एक पाळी) खजिना रिकामा होतो, आणि मग शत्रूची गरजच उरत नाही, आपली आपणच वाट लावून घेतो. या गेममध्ये बचाव म्हणजे लढाई कुठे होणार ते आपण ठरवायचं. आपल्या तटाखाली, आपल्या पुलावर, आपल्या टेकडीवर. शत्रू चालत येऊन दमला पाहिजे आणि आपली माणसं ताजी पाहिजेत. जमीन घ्यायचीच नाही असं अजिबात नाही, फक्त जेवढी सांभाळता येईल तेवढीच घ्यायची.

फॅक्शन निवडताना आधी काय बघायचं? युनिट्स (फौजेच्या तुकड्या) ना?

इथेच बहुतेक सगळे चुकतात, मीही चुकलो होतो. युनिटची लिस्ट उघडून कुणाचा नाइट भारी, कुणाचा धनुष्यवाला भारी बघत बसतो आपण. आधी नकाशा उघडा आणि मोजा, की आपल्या राज्यात जमिनीवरून किती बाजूंनी फौज येऊ शकते. एक किंवा दोन बाजू असतील तर मध्यम युनिट्सवर सुद्धा निभावतं. चार-पाच बाजू उघड्या असतील तर जगातली सगळ्यात भारी पायदळ तुमच्याकडे असली तरी ती नेहमी चुकीच्याच शहरात असते, हे अगदी ठरलेलं.

दुसरं बघायचं ते म्हणजे शिबंदी (शहर राखायला ठेवलेली फौज) स्वस्तात ठेवता येते का. आणि युनिट्स तिसऱ्या नंबरवर. हा क्रम उलटा केला की पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

सुरुवातीला पाचच फॅक्शन दिसतात, त्यातलं कुठलं घेऊ?

इंग्लंड, फ्रान्स, होली रोमन एम्पायर, स्पेन आणि व्हेनिस हे पाच पहिल्यापासून उघडे असतात. ग्रँड कॅम्पेनमध्ये (म्हणजे गेमच्या मुख्य मोहिमेत) खेळता येणारी एकूण 17 फॅक्शन आहेत, बाकीची कॅम्पेन जिंकलं की किंवा त्यांना नकाशावरून पुसून टाकलं की मिळतात. पहिल्यांदाच खेळत असाल तर इंग्लंड घ्या, दुसऱ्या वेळी व्हेनिस. फ्रान्स बचावासाठी वाईट नाही पण सगळे शेजारी त्याच्याच अंगावर येतात. स्पेन सुरुवातीला पोर्तुगाल आणि मूर्स (उत्तर आफ्रिका आणि दक्षिण स्पेनमधले मुस्लिम) यांच्यामध्ये अडकलेलं असतं, पण एकदा ते द्वीपकल्प पूर्ण हातात आलं की पायरेनीज डोंगराच्या बाजूनं एवढंच काय ते लक्ष ठेवायचं, म्हणजे आधी चढाई आणि मग बचाव. ज्यांना थोडा दम धरता येतो त्यांना स्पेन आवडेल.

इंग्लंडच का पण?

दोन कारणं. एक समुद्र. सुरुवातीला तुमच्याकडे लंडन, नॉटिंगहॅम आणि पलीकडच्या किनाऱ्यावर, फ्रान्समध्ये, काँ असतं. यॉर्क रिबेलांकडे (कुठल्याच फॅक्शनचे नसलेल्या बंडखोरांकडे) असतं, ते लगेच घ्यायचं. उत्तरेला स्कॉटलंडकडे सुरुवातीला एकटं एडिनबर्ग, त्यांना लवकर आवरलं तर सगळं बेट तुमचं आणि मग तिकडे शत्रू यायचा म्हणजे जहाजातूनच, आणि एआयला (कॉम्प्युटर चालवतो त्या फॅक्शनना) जहाजातून मोठी फौज आणून उतरवणं काही फारसं जमत नाही. म्हणजे खरी बॉर्डर राहिली एकच, काँची.

दुसरं कारण लाँगबो, म्हणजे लांब धनुष्यवाले तिरंदाज. लांब पल्ला तर आहेच, पण खरी मजा आहे ती स्टेक्सची. लढाई सुरू व्हायच्या आधी फौज मांडताना हे तिरंदाज आपल्यासमोर टोकं काढलेले खुंट रोवू शकतात, आणि त्यावर सरळ धावत आलेला घोडा मेलाच. 1415 मध्ये अजिंकूरला इंग्लिश तिरंदाजांनी असेच खुंट रोवले होते आणि चिखलात रुतलेल्या फ्रेंच सरदारांची काय अवस्था झाली ते इतिहासाच्या पुस्तकात आहेच.

आता माझा एक किस्सा सांगतो. काँला वेढा पडला, समोर फ्रेंचांची भरलेली फौज, माझ्याकडे चार लाँगबो, तीन भालाईत आणि एक म्हातारा जनरल. मी दोन लाँगबोंचे स्टेक्स दरवाजाच्या आतल्या बाजूला, अगदी कमानीच्या तोंडाशी रोवले आणि ती माणसं परत तटावर पाठवली. रॅमने (दरवाजा फोडायच्या ओंडक्याने) दरवाजा फुटला आणि एआयनं नेहमीप्रमाणे आधी घोडे आत सोडले, त्यात त्यांचा राजपुत्र पण होता. पहिली रांग खुंटांवर, दुसरी पहिलीवर, आणि मागून ढकलाढकली. राजपुत्र तिथंच गेला. मी एवढा खूश झालो की पळणाऱ्यांना गाठायला माझ्या जनरलला त्याच दरवाजातून बाहेर जायची ऑर्डर दिली. स्टेक्स आपला-परका बघत नाहीत. म्हातारा गेला, अंगरक्षकांतले निम्मे त्याच्याबरोबर. तेव्हा स्टेक्स लावले की तो दरवाजा आपल्या घोडदळासाठी बंद झाला असं समजायचं, बाहेर पडायचं तर दुसऱ्या वेशीतून.

व्हेनिस आणि मिलानबद्दल सगळे एवढं का बोलतात?

मिलिशियामुळे, म्हणजे शहरातल्या स्थानिक फौजेमुळे. या गेममध्ये शहरात ठराविक संख्येपर्यंत मिलिशिया युनिट्स फुकट पोसली जातात, शहर मोठं होत जातं तशी ती संख्या वाढते. बाकीच्यांची मिलिशिया म्हणजे शेतातनं उचलून हातात भाला दिलेली माणसं. इटालियन फॅक्शनची मिलिशिया मात्र खरोखर लढते. इटालियन स्पिअर मिलिशिया घोडदळ थोपवते, पाव्हिस क्रॉसबो (आडवं धनुष्य) मिलिशिया पाठीवर मोठी ढाल घेऊन फिरते, आणि मिलानला तर जिनोईज क्रॉसबो मिलिशिया मिळते, ती तटावर असली की खाली उभं राहणं शत्रूला परवडत नाही. म्हणजे जी शिबंदी दुसऱ्यांना दर टर्नला पैसे खाऊन मिळते ती यांना जवळजवळ फुकट, आणि वर दर्जेदार.

इतिहासातली गंमत म्हणजे 1346 ला क्रेसीच्या लढाईत फ्रेंचांकडून लढणाऱ्या जिनोव्याच्या क्रॉसबोवाल्यांच्या या मोठ्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांतच राहिल्या होत्या आणि लाँगबोंनी त्यांची चाळण केली. गेममध्ये ढाल पाठीवरच असते, त्यामुळे ती चिंता नाही.

दोघांतलं कुठलं? युनिट्समध्ये मिलान उजवं, जागेत व्हेनिस. मिलानकडे सुरुवातीला मिलान आणि जिनोवा, आणि आजूबाजूला फ्रान्स, होली रोमन एम्पायर, व्हेनिस, सगळ्यांची नजर तिथेच. व्हेनिसकडे व्हेनिस, रगुसा आणि क्रीटमधलं इराक्लिओन. इराक्लिओन बेटावर असल्यामुळे सुरुवातीला तिकडे फारसं बघावं लागत नाही, मुख्य शिबंदी व्हेनिसलाच लागते. मी व्हेनिस घेईन. तुम्ही म्हणाल युनिट्स कमी, पण वर लिहिलंय तो क्रम परत वाचा.

स्कॉटलंडचे पाइक (खूप लांब भालेवाले) असतात ना, बचावाला ते सगळ्यात भारी नाहीत का?

कागदावर हो. लांबच लांब पाइकची भिंत, समोरून घोडं येऊच शकत नाही. 1314 च्या बॅनकबर्नमध्ये स्कॉटिश भालाइतांनी इंग्लिश सरदारांना अगदी असंच मारलं. पण त्याच्या 16 वर्षं आधी, 1298 ला फॉलकर्कमध्ये तीच दाट रांग एका जागी उभी राहिली आणि इंग्लिश तिरंदाजांनी लांबूनच फोडली. गेममध्ये हे दोन्ही तसंच्या तसं होतं. शिवाय एक कटकट अशी की जवळून हाणामारी सुरू झाली की पाइकवाले पाइक टाकून तलवारी काढतात, आणि मग त्यांना साधी तलवारवाली माणसं पण कापून काढतात. गार्ड मोड (जागा न सोडता उभं राहायची ऑर्डर) चालू ठेवा, हल्ल्याची ऑर्डर देऊच नका, नुसतं उभं करा म्हणजे जरा बरं चालतं. गल्लीत किंवा फुटलेल्या दरवाजासमोर मात्र पाइक अफाट. मोकळ्या मैदानात नको.

जागा म्हणाल तर एडिनबर्ग आणि पुढे घेतलेलं इन्व्हरनेस, दोन्ही सुरक्षित, दक्षिणेकडून फक्त इंग्लंड. पैसा मात्र कमी. हळू खेळणाऱ्याला चालेल.

बायझंटाइन घेऊ का? कॉन्स्टँटिनोपल म्हणजे बचावच की.

मन होतं, मला माहितीये. मी तीन वेळा सुरू केलं आणि दोनदा सोडून दिलं. शहर श्रीमंत आहे, पायदळ आणि तिरंदाज सुरुवातीच्या काळात छान आहेत. पण पूर्वेला तुर्क, उत्तरेला हंगेरी, पश्चिमेला व्हेनिस आणि सिसिली, आणि तुमची शहरं पसरलेली, निकोसिया समुद्रात, कॉरिंथ एका टोकाला. शिवाय तुम्ही ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, पोपला न मानणारे, म्हणजे कॅथलिकांना तुमच्यावर यायला पोपची भीती नाही.

आणि शेवटचा भाग सगळ्यात वाईट. बारूद आली की यांच्याकडे तिच्या तोडीचं विशेष काही येत नाही. खऱ्या इतिहासात हजारेक वर्षं टिकलेले ते तट 1453 मध्ये 53 दिवसांच्या वेढ्यात तोफांपुढे पडले, आणि गेम 1530 पर्यंत चालतो, तेव्हा तो काळ तुमच्यावर येणारच. ज्याला अवघड खेळायची हौस आहे त्यानं जरूर घ्यावं.

कोपऱ्यातली फॅक्शन कुठली? तिथं बरं ना?

डेन्मार्क चांगलं. सुरुवातीला एकटं ऑर्हूस, पण पाठीमागे ऑस्लो आणि स्टॉकहोम रिबेलांकडे पडून असतात, ती घ्या, आणि हॅम्बुर्गला एक भक्कम किल्ला धरून बसा. मोठ्या फौजा बहुतेक तिकडूनच येतात.

मूर्सचं कोणी नाव काढत नाही पण मला आवडतात. पाठीमागे सगळं वाळवंट, समोर आयबेरिया. कॉर्दोबा आणि ग्रॅनाडा ही ढाल, आणि आफ्रिकेत माराकेश-अल्जियर्समध्ये कमाई. दक्षिणेला टिंबक्टूकडे व्यापारी पाठवले की सोन्यावर बसून राहतात. पण क्रूसेडच्या (पोपनं पुकारलेल्या धर्मयुद्धाच्या) वेळी तुम्ही निशाणा होऊ शकता हे लक्षात ठेवा.

पोर्तुगालच्या जागेत एक गोम आहे. लिस्बन एका टोकाला आणि पँप्लोना दुसऱ्या टोकाला, मध्ये स्पेन. दोन्ही वाचवायला गेलात तर दोन्ही जातील. पहिल्या काही टर्नमध्येच ठरवा कुठलं धरायचं.

रशियाकडे नोव्हगोरोद आणि चहूकडे रिबेल, बराच काळ कोणी त्रासच देत नाही. झोप येईल इतकी शांतता. मग पूर्वेकडून मंगोल येतात. त्यावर खाली लिहिलंय.

होली रोमन एम्पायर?

नको. शहरं खूप, शेजारी त्याहून जास्त, आणि बोलोन्या आल्प्सच्या पलीकडे एकटं. बचावच करायचाय तर हे सोडून कुठलंही.

शहर ठेवू की किल्ला करू?

याचं उत्तर फॅक्शनवर अवलंबून आहे म्हणून इथे घेतोय. किल्ल्याला एकाच्या आत एक तट मिळत जातात, फोर्ट्रेसला दोन आणि सिटाडेलला तीन, त्यामुळे बाहेरचा पडला तरी आत सरकता येतं. शहराला एकच तट, पण पैसा आणि फुकट मिलिशिया शहरातच. किल्ल्यात शिबंदीचा पगार पूर्ण द्यावा लागतो.

म्हणून इटालियन फॅक्शनला मी जवळजवळ सगळीकडे शहरंच ठेवायला सांगतो. इंग्लंडला काँ हा किल्लाच राहू द्या. डेन्मार्कला हॅम्बुर्ग. साधारण बॉर्डरवरच्या प्रत्येक तोंडाशी एक किल्ला आणि पाठीमागे सगळी शहरं. आणि लवकर ठरवा, कारण शहर एकदा मोठं झालं की परत त्याचा किल्ला करता येत नाही.

तटावर धनुष्यवाले की क्रॉसबोवाले?

दोन्ही मिळाले तर दोन्ही. क्रॉसबोचा बाण सरळ जातो, चिलखत फोडतो, पण समोर आपलीच माणसं असली की मागच्या रांगेचा निम्मा मारा वाया जातो. धनुष्याचा बाण वरून कमान करून पडतो, त्यामुळे तटाच्या आत रस्त्यावर उभे राहून सुद्धा बाहेर मारा करता येतो. आणि पेटते बाण फक्त धनुष्यवालेच मारतात. रॅम किंवा शिडीचा मनोरा येताना दिसला की पेटते बाण चालू करा, जळला तर अर्धी लढाई तिथेच संपली. तो जळाला की बाण परत साधे करा, पेटत्यांचा नेम वाईट असतो.

अजून एक, बुरुजातून मारा होतो तो जवळ आपली माणसं असतील तरच. मी कितीतरी दिवस सगळी फौज दरवाज्यापाशी जमवायचो आणि बुरूज गप्प का म्हणून गेमला शिव्या द्यायचो. तटाच्या लांबीवर एकेक स्वस्त युनिट पसरून ठेवायचं.

तट पडला तर मग?

चौकात या. शहराच्या मधल्या चौकात लढणारी आपली माणसं पळत नाहीत, मरेपर्यंत लढतात. शत्रूला जिंकायला तो चौक काही वेळ एकट्यानं ताब्यात ठेवावा लागतो, तुमचं एक युनिट जरी तिथं तग धरून असेल तरी त्याची मोजणी थांबते. चौकात येणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी भालाईत, गार्ड मोडवर, आणि त्यांच्या मागे तिरंदाज. फक्त वेळेत मागे या, तटावरून पळत सुटलेलं युनिट चौकापर्यंत पोचतच नाही.

वेढा पडायच्या आधीच शत्रूला अडवता येतं का?

पुलावर. हा गेममधला सगळ्यात स्वस्त तट. पुलाच्या आपल्या टोकाला भालाइतांचा अर्धगोल करायचा, मधे पोकळी ठेवायची, म्हणजे पुलावरनं उतरणारा प्रत्येक जण तीन बाजूंनी भोसकला जातो, आणि मागून तिरंदाज पुलावरच्या गर्दीवर बाण सोडत राहतात. पुलावर गर्दी एवढी होते की नेम धरायची पण गरज नाही. नकाशावर नदी बघा, पूल बघा, आणि टर्न संपवताना फौज नेमकी पुलावर उभी करा, म्हणजे शत्रूला तुमच्यावर हल्ला केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

खिंडीत जनरलकरवी तात्पुरती गढी पण बांधता येते, पण मूळ गेममध्ये आतली फौज काढली की ती गढी नाहीशी होते, त्यामुळे एक फालतू युनिट कायम आत ठेवायचं.

दरवाजा न फोडताच शत्रू आत आला, हा बग आहे का?

बग नाही, हेर आहे. शत्रूचा हेर शहरात शिरलेला असेल तर लढाईच्या सुरुवातीलाच दरवाजा उघडा मिळायची शक्यता असते. बॉर्डरवरच्या प्रत्येक शहरात आपला एक हेर बसवून ठेवा, तो त्यांच्या हेराला पकडतो. बचाव करणाऱ्यांनी हेरावर पैसे वाचवू नयेत. मी एकदा वाचवले आणि दगडी तट बांधलेलं आख्खं शहर फुकटात घालवलं.

कॅथलिक असण्याचा बचावाला काही फायदा?

खूप, आणि लोक तो विसरतात. तुम्ही कॅथलिक, शेजारी कॅथलिक, आणि त्यानं तुमच्यावर हल्ला केला तर पोप त्याला थांबायला सांगतो. नाही ऐकलं तर तो बहिष्कृत होतो आणि मग बाकीचे त्याच्यावर तुटून पडायला मोकळे. म्हणून पोपला अधूनमधून पैसे पाठवा, चर्च बांधा, क्रूसेडची हाक आली तर नावाला का होईना एखादी फौज पाठवा. कधीकधी पोपचं एक पत्र तीन युनिट्सचं काम करतं. उलट थांबायचा आदेश तुम्हालाही येऊ शकतो, तेव्हा हद्दीबाहेर पाठलाग करत सुटू नका.

आणि अलायन्स? त्यावर भरवसा ठेवू का?

ठेवा, पण शिबंदी काढून नको. मित्र म्हणवणाऱ्यानं कमी शिबंदी बघितली की त्याची नियत फिरते, व्हेरी हार्डवर (सगळ्यात अवघड पातळीवर) तर हमखास. रिकामं शहर हे एआयला आमंत्रणच.

मंगोल आले की काय करायचं?

पूर्वेकडची फॅक्शन घेणाऱ्यांनाच हा प्रश्न जास्त पडतो, तुर्क, रशिया, इजिप्त. एकामागोमाग भरलेल्या फौजा येतात आणि त्यात घोड्यावरचे तिरंदाज भरपूर. मैदानात त्यांच्यामागे धावायचं नाही, ते पळत पळत मारतात आणि तुमचे नाइट दमून जातात. त्यांना तटाखाली येऊ द्या, घोडं काही तटावर चढत नाही, किंवा पुलावर गाठा. त्यांच्या दगडफेकीच्या यंत्रांवर मात्र लक्ष ठेवा, तट त्यानेच पडतो, आणि ती मारायला दोन हलकी घोडदळं मागच्या दरवाज्यातून सोडावी लागतात. परत येतील याची खात्री नाही, पण यंत्रं गेली पाहिजेत.

इंग्लंड, डेन्मार्क, पोर्तुगाल घेतलंत तर मंगोल हे बहुतेक वेळा फक्त बातम्यांत दिसतात.

नुसता बचाव करून कॅम्पेन जिंकता येतं का?

नाही. लाँग कॅम्पेनला 45 प्रदेश लागतात, शॉर्टला 15 आणि सोबत ठरवून दिलेले शेजारी संपवणं. 1080 ते 1530, दोन वर्षांचा एक टर्न, म्हणजे 225 टर्न. वेळ आहे. माझी पद्धत अशी, की शत्रूला आपल्या तटावर दोन-तीन फौजा घालवू द्यायच्या आणि त्याच टर्नला त्याचं सगळ्यात जवळचं शहर घ्यायचं, कारण त्याची शिबंदी तुमच्या खंदकाबाहेर मरून पडलेली असते. मग परत थांबायचं, तट दुरुस्त करायचा, नवीन बॉर्डर मोजायची. घेतल्यावर बॉर्डर वाढत असेल तर ते शहर घेऊच नका, किंवा घेऊन पोपला भेट द्या, तोही खूश.

वेढ्याची लढाई ऑटो रिझॉल्व्ह केली (स्वतः न लढता निकाल कॉम्प्युटरवर सोडला) तर चालेल का?

जिंकण्याइतकी माणसं असतील तर चालेल. कमी असतील तर स्वतः लढा, ऑटोमध्ये ना तुमचे स्टेक्स धरले जातात ना तुमचा पूल. माझं काँ ऑटोला तीनदा पडलं, त्याच सेव्हवरून हातानं लढलो तर एकदाही नाही, म्हाताऱ्याचा विषय सोडून.